पुसून गेलेला अंगठा

मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते, म्हणजे मधे थांबून सांगावा लागणार नाही. चार वर्षांपूर्वी मी एक खोटं बोलले. तोंडातून निसटलेलं नाही… नीट विचार करून, इस्त्री करून, घडी घालून बोललेलं खोटं. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे सदुसष्टची. आता एकाहत्तरची आहे आणि त्या सदुसष्टच्या बाईकडे पाहिलं की वाटतं, हिला कान धरून बाकावर उभी करावी.

दुसरं म्हणजे, भुतंखेतं, अंगात येणं, उतारे-बितारे यातलं मी काही मानत नव्हते. अमरावतीत जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. शाळेमागच्या चिंचेवर हडळ आहे म्हणून मुली तिकडच्या नळावर जात नव्हत्या, तर मी अख्खा वर्ग त्या चिंचेखाली नेऊन डबे खायला लावले होते. ‘आजही मी काही मानत नाही’ असं पुढचं वाक्य लिहिणार होते. लिहिलं आणि खोडलं.

तर खोटं कुणाशी बोलले ते सांगते. माझ्या थोरल्या जावेशी. आम्ही सगळे त्यांना मोठ्याबाई म्हणतो. त्या तेल्हाऱ्याला राहतात, शेतावरच्या घरात. मी नोकरीमुळे अमरावतीला, राजापेठेत. लग्नानंतर मी अकोल्याला बी.एड. केलं, तेव्हा माझा मुलगा हर्षल अंगावर पीत होता. त्याला मोठ्याबाईंनी सांभाळलं. दिवसा कापूस वेचायचा आणि संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन भरवायचं. त्यांचा हात इतका खरखरीत की बाळाच्या रेशमी झबल्याला अडकायचा. तेव्हाची मी, बी.एड.वाली, म्हणायची, “मोठ्याबाई, जरा हाताले तेल लावत जा. पोराले खरवडन ना.” त्या हसायच्या. पोराला काही खरवडलं नाही. उलट तो त्या हाताशिवाय झोपत नव्हता.

हा हर्षल मोठा झाला, कमावता झाला आणि त्यानं आम्हा दोघींसाठी व्हिएतनामची सहल ठरवली. तिथली हालाँग बे नावाची खाडी. समुद्रात चुनखडीचे डोंगर, मोठं पांढरं जहाज, त्यावर एक रात्र मुक्काम, खोलीत खिडकीशी बाथटब. “आई, तू आणि मोठ्याई, दोघी जा. ट्विन शेअरिंग सांगून ठेवतो,” म्हणाला.

आणि मला काय झालं असेल? मला मोठ्याबाई दिसायला लागल्या. जहाजावर, पांढऱ्या टेबलक्लॉथवर कांदा फोडताना. पुण्या-मुंबईच्या बायकांना “अवो बाई, तुमाले किती लेकरं?” असं विचारताना. मी मनात हॅट घालून, गॉगल लावून आधीच डेकवर उभी होते, आणि त्या चित्रात त्यांना उभं करायला मला जागाच सापडेना.

मोठ्याबाईंच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. कापूस, तूर, निंदण-खुरपण, यात रेघा घासून गेल्या. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवायच्या आधी त्या एकेक बोट पदरानं पुसायच्या, मग दाबायच्या, मग परत पुसायच्या, आणि मशीन काही त्यांना ओळखायचं नाही. शेवटी दुकानदार मोबाइलवर नंबर मागवून धान्य द्यायचा. हे मला ठाऊक होतं. त्याचाच उपयोग केला.

तेल्हाऱ्याला जाऊन त्यांना म्हटलं, “मोठ्याबाई, मी पासपोर्टच्या ऑफिसात इचारून आली. ठसे उमटल्याशिवाय पासपोर्ट देत नाईत.”

मी कुठल्याही ऑफिसात गेले नव्हते. ठसे येत नसले तरी काही मार्ग असतो, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा कळलं असतं तरी मी तेच बोलले असते.

त्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, बाजारात वांगं पाहावं तसे. म्हणाल्या, “खरंच व माय. हे हात कोनत्याच कामाचे नाई राह्यले.”

हर्षललाही मी तेच सांगितलं. तो हळहळला. आणि मी एकटी नागपूरहून विमानात बसले.

सहल वाईट होती असं खोटं बोलणार नाही. हालाँग बेमध्ये जहाज शिरलं तेव्हा मी बोलायची थांबले, म्हणजे बघा. हिरवं, न हलणारं पाणी आणि त्यातून वर आलेले डोंगर… जणू कुणी कडब्याच्या गंज्या पाण्यात रचून ठेवल्यात. कुठे एकटी गंजी, कुठे दहा-बारा एकमेकींना टेकलेल्या. त्यांच्या मधून आमचं जहाज सावकाश चाललेलं. खोलीत दोन पलंग होते. दोन्हींवर टॉवेलचे हंस करून ठेवलेले. एका हंसाला उचलून मी कपाटात ठेवलं. त्याच्याकडे पाहावेना.

आमच्या ग्रुपमध्ये पुण्याच्या अंजली मॅडम होत्या. जेवताना म्हणाल्या, “तुमची भाषा किती शुद्ध आहे हो. तुम्ही अमरावतीच्या वाटतच नाही.”

सदुसष्टची ती गाढवी लाजली. चक्क “थँक यू” म्हणाली.

जेवणानंतर दुपारी आम्हाला बांबूच्या छोट्या नावांतून एका डोंगराखालच्या गुहेतून पलीकडे नेणार होते. ऊन चांगलं होतं. नावेत दोन फळ्या. पुढच्या फळीवर अंजली मॅडम आणि त्यांचे मिस्टर, मागच्या फळीवर मी एकटी, डाव्या कडेला जागा रिकामी. माझ्यामागे वल्हं मारणारी बाई, डोक्यावर निमुळती टोपी. मी एका बाजूला बसल्यामुळे नाव उजवीकडे कलायला लागली. ती बाई मला हातानं खुणावत होती, मधे सरका, मधे सरका. मी सरकले नाही. उजवीकडून फोटो चांगले येत होते.

गुहा म्हणजे डोंगराला आरपार भोक. छत इतकं खाली की सगळ्यांनी माना वाकवल्या. मधे एक वळण होतं. तिथे मागचा उजेड गेला आणि पुढचा अजून आला नव्हता. वरून पाणी ठिबकत होतं. अंजली मॅडम काहीतरी म्हणाल्या आणि त्यांचा आवाज घुमला.

तेवढ्यात कुणीतरी माझा डावा हात हातात घेतला.

आधी वाटलं, वल्हेवाली मला मधे ओढतेय. पण तिची दोन्ही वल्ही पाण्यात वाजत होती, मागे, एका लयीत. हा हात शेजारून आला होता. रिकाम्या जागेवरून. कोरडा, उबदार, भेगाळलेला. माझ्या गळ्यात हनोईला घेतलेला रेशमी स्कार्फ होता, त्याचं टोक हातावर पडलेलं. तो हात त्या रेशमाला अडकला. अडकल्याचा चर्र आवाज मी ऐकला. आणि मग… त्यानं माझं एकेक बोट धरून कापडानं पुसलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. डावा झाल्यावर उजवा. घाई नाही, राग नाही. दुकानासमोर रांगेत उभं राहून पुसावं तसं.

मी ओरडले का? नाही. हात ओढून घेतला का? तेही नाही. खरं सांगायचं तर मला भीतीच वाटली नाही. मला लाज वाटली. भीती परवडली असती.

उजेड आला. शेजारी फळी रिकामी. मी मात्र अजून उजव्या कडेलाच होते आणि नाव अगदी सरळ चालली होती, जराही न कलता. वल्हेवाली बाई आता खुणावत नव्हती.

जहाजावर परतल्यावर सूर्य खाली गेला होता. सगळे फोटो काढत होते, म्हणून मी मोबाइल काढला. तो माझ्या अंगठ्यानं उघडतो. उघडला नाही. परत लावला. नाही. दुसरा अंगठा, मग बोटं… हर्षलनं सगळी नोंदवून ठेवली होती. एकही चालेना.

अंजली मॅडम म्हणाल्या, “हात ओले असतील.”

मी हात पुसले, चष्मा लावला आणि बोटं डोळ्यांजवळ धरली. रेघा नव्हत्या. भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी गुळगुळीत बोटं. स्कार्फच्या टोकाला एक धागा ओढला जाऊन लोंबत होता.

त्या रात्री मी दिवा लावूनच झोपले आणि कपाटातला हंस काढून दुसऱ्या पलंगावर परत ठेवला. विज्ञानाची शिक्षिका. काय म्हणावं.

घरी आल्यावर मीच मला समजावलं. गुहेतलं चुन्याचं पाणी, सॅनिटायझर, वय. अमरावतीच्या त्वचेच्या डॉक्टरनंही हेच सांगितलं, “या वयात होतं असं, मॅडम, क्रीम लावा.” मी क्रीम लावलं. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. मशीननं माझा अंगठा घेतला नाही. काउंटरवरची मुलगी चांगली होती बिचारी. म्हणाली, “काकू, पदरानं पुसून लावा बरं एकदा.”

मी पदरानं पुसून लावला. मागे रांग उभी. परत पुसला.

“शेतीचं काम करता का काकू? शेतातल्या बायकायचे नाई उमटत.”

मी जन्मात कापसाचं एक बोंड वेचलेलं नाही. नवी नवरी होते तेव्हाही मोठ्याबाईच सासूला सांगायच्या, “तिले कावून बोलावता? राहू द्या, तिले अभ्यास आहे.” पण त्या मुलीला मी “हो” म्हटलं. माझ्या तोंडून तेच निघालं. शेवटी त्यांनी बोटांऐवजी डोळ्यांची बुबुळं स्कॅन करून काम भागवलं.

बँकेतून घरी न जाता मी थेट बस पकडली. सहलीहून आल्यापासून तेल्हाऱ्याला गेलेच नव्हते. फोनवर “पाय दुखतात” सांगत होते.

मोठ्याबाई अंगणात कापसाच्या ढिगाजवळ बसल्या होत्या. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून वेचणीला जात नव्हत्या, फक्त कापसातला कचरा काढायच्या. मला पाहून म्हणाल्या, “आली का व नले, फॉरेनवाली. आमाले वाटलं तिकडंच घर केलं.”

मी त्यांच्यासाठी आणलेली निमुळती टोपी दिली. त्यांनी लगेच डोक्यावर घातली आणि म्हणाल्या, “कशी दिसून राह्यली? बुजगावन्यासारखी?”

“छान दिसता.”

“लबाड. आयक, तुले एक गंमत सांगतो. माहा अंगठा लागला.”

मी म्हटलं, “कुठं लागला? दार लागलं का?”

“दार नाई व. मशीनले. रेशनच्या. पयल्याच झटक्यात. दुकानवाला म्हने, मावशे, बोटं बदलून आनली का काय.” त्यांनी अंगठा माझ्या नाकासमोर धरला. मी चष्मा लावला. बारीक, गोल, एकात एक गेलेल्या रेघा. स्वच्छ.

“कधी?”

“तू इमानात बसून गेल्ती ना, त्याच हप्त्यात. बेस्तरवार होता, मले उपास होता. उन्हाची चालत गेली म्हून ध्यानात राह्यलं.”

आमची गुहा गुरुवारचीच होती. भर दुपारची.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्याबाईंचं शेतातलं काम थांबलं होतं, कातडी भरून आली असेल. मीही हेच म्हणते. माझी बोटं वयानं झिजली, त्यांची विश्रांतीनं भरून आली. दोन्ही गोष्टींना वेगवेगळी कारणं देता येतात आणि मी वर्गात ती दिलीही असती. पण एकाच गुरुवारी? आणि गुहेतल्या त्या हाताला मी कोणतं कारण देऊ? माझी बोटं आजही तशीच आहेत. मोबाइल आकड्यांनी उघडते. डॉक्टर बदलले, क्रीमं बदलली. मला या सगळ्याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि कुणाला सापडलं तरी त्या दिवशी अंगणात पुढे जे झालं ते काही बदलणार नाही.

पुढे झालं ते असं. मोठ्याबाई टोपी सावरत माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच, पोरीनं जत्रेला न्यायची आठवण करावी तसं, म्हणाल्या, “आता तं निघन ना व माहा पासपोर्ट?”

मी माझे हात त्यांच्यापुढे केले. बोटं दाखवली. बँकेतलं सांगितलं, गुहेतलं सांगितलं आणि मग मी कुठल्याच ऑफिसात गेले नव्हते, तेही सांगितलं. मला तुम्ही तिथे नको होता, हेसुद्धा सांगितलं. त्यांनी माझी बोटं हातात घेतली, एकेकावरून अंगठा फिरवला. टोपी काढून कापसावर ठेवली. मग जे बोलल्या ते शब्द न शब्द लिहिते, त्यात माझ्या शुद्ध भाषेचा काना-मात्रा नाही:

“तुले एकटीलेच जायाचं होतं तं तसं म्हनाचं ना, नले. मी काय तुह्या आडवी आली असती का? माह्या हातायचं नाव कावून घेतलं?”