हात न धरणाऱ्या बाई

बाईंनी कधी कुठल्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतलं नाही. कोपरीत आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत त्यांनी वर्षानुवर्षं बालवाडी चालवली, अर्ध्या कोपरीला लिहितं केलं, त्यात माझा नवराही आला. पण कुणाच्या इवल्या मुठीवर त्यांनी आपली मूठ ठेवली नाही. “हात धरला की अक्षर माझं होतं,” त्या म्हणत, “आणि माझं मला येतंच.” नवऱ्याचं अक्षर पाहता त्याचा हात थोडा धरला असता तरी चाललं असतं, असं मला वाटायचं. पण हे बाईंना बोलून दाखवायची माझी टाप नव्हती.

आमच्या घरात मात्र हात धरायची हौस दांडगी. माझी लेक सानू तेव्हा मोठ्या शिशूत होती. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची म्हणून तिला पाटावर बसवलं. आधी सासूबाईंनी तिचा हात धरला. सरस्वती एका बाजूला कलली म्हणून मग तिच्या आत्याने धरला, मग मी धरला, आणि नवरा समोर उभा राहून घरच्या ग्रुपसाठी व्हिडिओ काढत होता. सरस्वती छान आली. सानूने मात्र जे भोकाड पसरलं ते जेवायची पानं घेतली तरी थांबेना. त्या दिवसापासून पेन्सिल दिसली की ती दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरायची. खडू नको, रंग नको, काही नको. थंडी सरता सरता शाळेतल्या ताईंनी मला बाजूला घेऊन गोड शब्दांत सांगितलं की, जूनपर्यंत निदान थोडी अक्षरं यायला हवीत, नाहीतर आणखी एक वर्ष याच वर्गात बसवावं लागेल. तिच्या सगळ्या मैत्रिणी पहिलीत जाणार होत्या. माझी झोप उडाली.

त्यात आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलेलं. मेअखेर सगळ्यांनी जागा रिकाम्या करायच्या होत्या. आम्ही वर्तकनगरला भाड्याने जाणार, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई खडवलीला भावाकडे. म्हणजे जे काही व्हायचं ते त्याआधीच. मी सानूला घेऊन जिना चढले.

बाईंची तोवर बालवाडी बंद झालेली, गुडघे कुरकुरायला लागलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन पाण्याची वाटी आणली. त्यांच्या गॅलरीत जुनी शहाबादी फरशी होती. तिच्यावर ओलं बोट फिरवलं की काळीशार रेघ उमटायची, आणि उन्हात थोड्या वेळाने आपोआप नाहीशी व्हायची. “इथे खेळायचं,” त्या सानूला म्हणाल्या. “लिहायचं वगैरे काही नाही.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्यापुढे भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप आलं. “तू शेंगा सोल, मीनल. नजर सुपात ठेव.” पुढे कळलं की मुलाबरोबर येणाऱ्या प्रत्येक आईच्या हातात त्या असंच काहीतरी देत. कुणी मटार सोलले, कुणी लसूण. आयांच्या नजरेचं ओझं होतं मुलांना, असं त्यांचं म्हणणं.

त्या दुपारी आठवल्या की अजून डोळ्यांवर गुंगी येते. चारचं ऊन गॅलरीच्या गजांतून फरशीवर आडवं पसरलेलं असायचं. दूर स्टेशनवर कुठल्यातरी गाडीची घोषणा व्हायची, ती झोपेत ऐकल्यासारखी विरत यायची. सानू वाटीत बोट बुडवून फरशीवर नुसती तळी करायची. तळ्यांच्या मग नद्या झाल्या. नद्यांच्या बऱ्याच दिवसांनी उभ्या रेघा झाल्या, मग अर्धे चंद्र. प्रत्येक गोष्ट उमटायची, थोडी थांबायची आणि जायची. पहिल्यांदा एक चंद्र वाळून गेला तेव्हा सानूचा चेहरा पडला.

“गेला,” ती म्हणाली.

“वाळू दे गं,” बाई म्हणाल्या. “वाकडं पण वाळतं, सरळ पण वाळतं. फरशी काही लक्षात ठेवत नाही.”

शेजारी बसून बाई स्वतः अक्षरं काढायच्या, पण सानूला दाखवायला नाही. स्वतःच्या नादात, गुणगुणत. ग, म, भ, न. आधी अक्षर काढायचं, मग त्याच्या डोक्यावरून सावकाश रेघ ओढायची. “आधी निजवायचं,” त्या पुटपुटायच्या, “मग पांघरूण घालायचं.” एखादा ग अर्धा वाळला की उरलेला तुकडा डुलकी लागल्यासारखा दिसायचा. सानू टक लावून बघत राहायची आणि परत आपल्या चंद्रांकडे वळायची. सुपात डोकं घालून मी मनातल्या मनात तिला म्हणायचे, बाई गं, चंद्राला लागून एक काठी उभी कर, झालं की अक्षर. सोललेल्या शेंगांचे दाणे आमच्या घरी पुरून उरले, पण काठी काही उभी राहिली नाही.

शेवटच्या आठवड्यात मला राहवलं नाही. “बाई, तुम्ही चाललात. अजून एक अक्षर नाही हिचं.”

“मग?”

“तुम्हाला बघायला मिळालं असतं.”

“मला बघायला मिळावं म्हणून ती लिहिणारे का?” त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. मला थोडा रागच आला. त्यांच्या सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा सानूने त्यांना पापी दिली. त्यांनी तिच्या दोन्ही हातांचा वास घेतला, बाळाच्या हातांचा घेतात तसा, आणि त्या गेल्या. मी वर जाऊन रिकाम्या गॅलरीत थोडं रडून घेतलं. सानूची काळजी होती, आणि बाई गेल्याचंही होतं.

चारच दिवसांत आमचीही बांधाबांध सुरू झाली. नवरा खोक्यांवर जाड मार्करने लिहीत होता: भांडी, पुस्तकं, देवघर. तो सुतळी आणायला खाली उतरला. मी चादरींची घडी करत होते. वळून बघते तर सानू खेळण्यांच्या खोक्यासमोर उकिडवी बसलेली, हातात मार्कर, आणि खोक्यावर भला मोठा ग. चंद्र जरा जास्तच फुगलेला, काठी तिरकी, आणि वर पांघरूण. त्याच्या शेजारी आणखी एक ग चालला होता. मी श्वास रोखून त्या दुसऱ्या काठीकडे बघत राहिले. ती उभी राहिली. सानू पहिलीत जाणार, आता नक्की जाणार. मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, सासूबाईंना हाक मारली, आणि बाईंना फोन लावला.

“बाई, ग काढला. दोन काढले. पांघरुणासकट. फोटो पाठवू?”

“फोटो नको. माझ्या फोनात काही धड दिसत नाही. तू सांग.”

मी सांगत सुटले. गोलाई कशी आली, काठी कुठे टेकली, सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

“ते सगळं छान. पण लिहिताना तोंड कसं होतं तिचं?”

जीभ बाहेर होती की ओठ मिटलेले, हसत होती की नाही, मला काहीच सांगता येईना. मी अक्षराकडेच बघत बसले होते. बाईंना मात्र तेवढंच हवं होतं, आणि ते द्यायला माझ्याकडे नव्हतं.

“बघितलं नाही, बाई.”

खडवलीहून त्यांचं हसू आलं, जरा खोकल्यात अडकत. “असू दे. लिहितेय का अजून?”

“हो.”

“मग ठेव फोन.”

मी फोन ठेवला आणि खोक्याच्या पलीकडे, तिच्या समोर जाऊन बसले.