सातातले दोन पाटे

कुठलीही गाडी दारात आली की तो आधी तिच्या मागे जायचा. दोन्ही तळवे डिकीवर किंवा फाळक्यावर ठेवून अंगाचा भार टाकायचा, झटकन हात काढायचा आणि गाडी किती वेळ हलते ते बघायचा. मग मालकाकडे न बघताच म्हणायचा, "खरं वजन सांगा."

हा आमचा पाट्यांचा मिस्त्री. लातूरला माझं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्याला लागूनच त्याची भट्टी होती. गाडीचा मागचा भार चाकांच्या आसावरच्या ज्या पोलादी पट्ट्यांच्या चळतीवर तोललेला असतो, ते पाटे. ते तापवून, ठोकून, वाकवून द्यायचे हे त्याचं काम. तुमच्याही गावात असा एखादा असेल. गाडी मागून बसली की सगळे ज्याच्याकडे जातात तो.

गिऱ्हाईक वजन कमीच सांगतं, असं तो धरून चालायचा. दहा टन म्हणणारा चौदा भरतो. म्हणून तो न विचारता एक पाटा जास्त टाकायचा आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एकदा माझ्या स्कूटरचा मागचा शॉक बघताना त्याने विचारलं, "ताई, मागं शेठ बसतेत का?" यजमान समोरच खुर्चीत होते. मी 'क्वचित' म्हटल्यावर तो म्हणाला, "शेठ काय लपवन्याजोगे न्हाईत." त्या रात्री यजमानांनी भात घेतला नाही.

माझ्या धाकट्या दिराला गाड्यांचं वेड. त्याने लांब नाकाची, दांडग्या इंजिनाची एक जुनी गाडी घेतली होती. अहमदपूरच्या पुढे एका बंद कारखान्याच्या आवारात काही हौशी लोक रविवारी शर्यती लावायचे. सरळ रस्त्यावर ह्याची गाडी सगळ्यांच्या पुढे. वळणावर मात्र मागची चाकं उडायची आणि गाडी आडवी व्हायची. पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवायची, असं त्याने मोबाइलवर बघून ठरवलं होतं.

मिस्त्रीने गाडीखाली जाऊन बघितलं. म्हणाला, "स्प्रिंग नुस्तं वजन धरती मालक. पाटा वजन बी धरतो अन् आसाला जागेवर बी धरतो. स्प्रिंग बसवायची तर आस धरायला चार दांडे लागतेत. ते ह्या सडक्या पत्र्याला झाळले तर पयल्या वळणाला हातात येतेत."

पाटेच ठेवावेत, पण सातातले दोन कमी करावेत, आणि जोर लावल्यावर आस पिळू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक दांडा बांधावा, असं त्याचं मत पडलं. मागे ओझं नसेल तर सात पाटे दगडासारखे राहतात, चाक रस्ता सोडतं. पण ओझं खरंच नसेल तरच. हे त्याने तीनदा विचारलं. दिराने माहूरच्या देवीची शपथ घेतली. मागच्या सीटवर कुत्रंसुद्धा बसणार नाही म्हणाला. मी तेव्हा चहाचा कप घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी होते.

मिस्त्रीने त्याच्यावर विश्वास ठेवला. माझ्या माहितीत गिऱ्हाइकावर ठेवलेला तो त्याचा पहिलाच विश्वास. त्याने दोन पाटे काढले.

दोन रविवार गाडी झकास पळाली. एकदा मिस्त्रीही आमच्याबरोबर आला, इस्त्रीचा शर्ट घालून. पुढे कोण आहे, मागे कोण आहे, याकडे त्याचं लक्षच नव्हतं. "चाक बघा ताई. रस्त्याला चिकटून चालून राहिलंय," एवढंच तो म्हणाला, आणि तोंडावर रुमाल फिरवला.

तिसऱ्या रविवारी दिराने व्हिडिओ काढायला तीन दोस्त मागे बसवले. वळणावर खड्डा आला, गाडी मागून बसली, टायर पत्र्याला घासून अडकलं आणि गाडी कंपाउंडच्या भिंतीवर गेली. एका दोस्ताचा पाय दोन ठिकाणी मोडला. तो आजही लंगडतो. दवाखान्यात त्याच्या वडिलांनी जाब विचारला, तेव्हा दीर म्हणाला, मिस्त्रीने पाटे काढले. ते वडील ट्रान्सपोर्टवाले. आठवड्याभरात नांदेडपासून उदगीरपर्यंत झालं, की हा माणूस पाटे काढतो.

मिस्त्री माझ्याकडे आला. बसला नाही.

"ताई, तुमी व्हता की तिथं. त्या ट्रान्सपोर्टवाल्या शेठला येवढंच सांगा, मागं कोनी बसनार न्हाई म्हून शब्द दिल्ता."

सांगितलं असतं तर सगळं दिरावर आलं असतं. पोलीस आले असते, घर फुटलं असतं. मी म्हटलं, "घरातलं आहे मिस्त्री. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"हाव," तो म्हणाला. "बरोबर हाय तुमचं." आणि गेला.

अशा वेळी त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लोक लिहितात. मला तसं वाटलं नाही. सुटले, असंच वाटलं.

ट्रक यायचे थांबले. पावसाळ्याआधी भट्टी विझली. तो देगलूरला लेकीकडे गेला. जावयाच्या किराणा दुकानात पुड्या बांधतो म्हणे. पत्ता आहे माझ्याकडे. गेले नाही.

परवा उदगीरचा एक ट्रकवाला पाटे एकत्र आवळायचा सेंटर बोल्ट घ्यायला आला. शेजारच्या बंद शटरकडे बघून म्हणाला, "ते पाटे चोरनारं मिस्त्री हितलंच न्हवं का?"

दीर काउंटरच्या आत खुर्चीत बसला होता. त्याने मोबाइलमधून मान वर केली नाही.

"सेंटर बोल्ट किती सुताचा पाहिजे?" मी विचारलं.