संक्रांतीच्या वाणातली ट्यूब

मुरुम म्हणजे पोरीसोरींचं दुखणं, असा माझा समज. मला ते आले चौतिसाव्या वर्षी, भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत होतो तेव्हा. पाळी जवळ आली की हनुवटीवर नि जबड्याच्या कडेनं ठणकणाऱ्या गाठी उठायच्या. सासूबाई म्हणायच्या, अंगात उष्णता आहे. शेजारच्या नागपूरच्या वहिनी हसायच्या, "दोन लेकरांची आई, अन् चेहरा मॅट्रिकच्या पोरीचा!"

त्याच वहिनींनी त्या संक्रांतीला वाण म्हणून मलमाच्या ट्यूबा लुटल्या. त्यांच्या भावाचं औषधांचं दुकान होतं. आता वाण कुणी परत करतं का? साऱ्याजणींनी घेतलं. आणि खरं सांगते, आठवड्यात माझ्या गाठी बसल्या, रंग उजळला. मग कोण सोडतंय!

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आम्ही आठजणी पन्हं घेत बसलो होतो. मी सहज मान वर केली, आणि पेला ओठाशीच राहिला. ताणलेली, मेणासारखी चकाकणारी कातडी, गालांवर लाल शिरांची जाळी, कानशिलांवर बारीक लव. सगळ्यांचं तेच. एकच बाई आठ साड्या नेसून बसलीय असं वाटलं. आणि जी ती दुसरीला सांगत होती, किती उजळलीस गं.

दोनच दिवसांनी, भर दुपारी, मी अंगणात कपडे वाळत घालत होते. बुटक्या भिंतीपलीकडे वहिनी. क्वार्टर सगळी एकसारखी, दारंही एकाच हिरव्या रंगाची. माझी चार वर्षांची लेक खेळून धावत आली ती थेट वहिनींच्या पायांना बिलगली. पाणी मागितलं. वर पाहिलं. मग भिंतीवरून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा त्यांच्याकडे. रडली नाही. हळूच म्हणाली,

"यातली माझी आई कोणती?"

मी आहे म्हटलं, तरी येईना. त्या दिवशी आजीच्या हातून जेवली. पुढे कितीतरी दिवस मी काही बोलल्याशिवाय जवळ यायची नाही. आवाज ऐकायची, मग यायची.

ट्यूब घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी ट्यूबवरचं वाचलं, पाळीचं विचारलं. हे स्टेरॉइड, चेहऱ्यासाठी नव्हेच, म्हणाल्या. यानं कातडी पातळ होते. सोडायचं कसं ते समजावलं, मुरुमांसाठी वेगळं मलम दिलं. रात्री मटाराच्या दाण्याएवढंच लावायचं, गाठी दाबायच्या नाहीत, उन्हात जपायचं, तीन महिने धीर धरायचा.

"चेहरा आधी बिघडेल," त्या म्हणाल्या. "तेव्हा घाबरून हीच ट्यूब उघडाल. ते करू नका."

बिघडला तो असा, की आरशात बघवेना. ट्यूब कपाटातच होती; वाण कचऱ्यात टाकायचं नाही, सासूबाईंचा हुकूम. एका दुपारी मी टोपण उघडलंच. बोटावर घेतलं. इतक्यात लेक मागून येऊन उभी राहिली. मी मुद्दाम गप्प राहिले.

तिनं हात लांबवला, माझ्या हनुवटीवरच्या गाठी एकेक करून चाचपल्या, आणि मांडीवर येऊन बसली. मी बोटावरचं मलम पदराला पुसलं.

वहिनींना मी सगळं सांगितलं. त्या हसल्या, आणि लावत राहिल्या. भिंतीपलीकडून तो चेहरा पाहत असायचा. माझाच, मी टाकून दिलेला.