अबोलीच्या वळणावरची सवत

आमचे हे, गुणाजी, मला बघायला कणकवलीला आले तेव्हा त्यांनी मान वर केली नव्हती. यांच्या थोरल्या भावाने हो म्हटलं, यांनी लाडू खाल्ला, झालं लग्न. आणि आता या वयात, खेळण्यातलं डिझेल इंजिन पसंत करायला बोरीवलीहून सारखे मुलुंडला जातात. तेही इस्त्रीचा शर्ट घालून!

गिरणी बंद पडल्यावर सोसायट्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करून या माणसाने पोरं शिकवली. हौस म्हणून कधी केली नाही. कामं सुटली तशी ती उफाळली. आमच्या तळमजल्याच्या मागच्या अंगणात त्यांनी छोटे रूळ टाकले, पूल बांधला, पत्र्याचे डबे केले. इंजिन तेवढं घरी जमेना. त्यात यांचे दोस्त, मुलुंडचे मधुकरभावजी, त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली, त्यांची अशीच रुळांची बाग गेली. ते म्हणाले, "माझ्या दोन इंजिनांतलं तुला हवं ते घे."

"त्यातल्या लांबडीचं नाक काय आहे गो!" हे जेवताना म्हणाले.

माझं नाक इतकी वर्षं समोर आहे. त्याबद्दल चकार शब्द नाही.

रविवारी भावजी दोन्ही घेऊन आले. लांबडी निळीशार, कपाळावर दिवा. दुसरी बुटकी, काळपट. दोघींना चालवून बघितलं. मलाही तेव्हा चालून दाखवायला लावलं होतं. लांबडी ठुमकत तुळशीपुढून गेली, पुलावरून गेली आणि माझ्या अबोलीच्या वळणावर आडवी झाली. उचलून ठेवली, परत आडवी. बुटकी मुकाट वळून आली.

"वळण मोठं लागेल रे," भावजी म्हणाले. "ही अबोली काढ, मग बघ झकास धावेल."

माझ्या आईने दिलेल्या रोपांची अबोली ती. आणि यांनी चक्क कुदळ उचलली.

"काढा, काढा! मलाही काढा, स्टेशनाला जागा होईल," म्हणत मी आत गेले नि भांडी आपटली.

भांडी आवरून बाहेर जाऊन बघते तर कुदळ भिंतीला टेकलेली, नि भावजी लांबडीला खोक्यात भरतायत.

"का हो? नाक आवडलं होतं ना?"

"सकाळचा चहा काय ती देणार?" हे पुटपुटले. भावजी खो खो हसले.

मग बुटकीला नव्या सुनेसारखी ओवाळायला लावली मला. तांदळाची वाटीही ठेवली, ती तिने नाकाने पाडली. हे पोरासारखे टाळ्या पिटत होते.

"वळेसर घाल की गो तिला!"

"केस कुठे आहेत तिला?" मी म्हटलं. अबोलीचा वळेसर मी माझ्याच अंबाड्यात माळला आणि वळणावर पाट टाकून बसले.

बुटकी माझ्यासमोरून वळून गेली. या खेपेला यांनी मान वर केली. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आधी तिच्याकडे. हे मी विसरायची नाही.