पाच वेळा हाकललेला बिशप आणि माझा भाऊ

बाप्तिस्मा घेतल्यापासून घरी गेलो की माझं ताट गोठ्यात वाढलं जाई. आई दुरून भाकर टाकी आणि रडे. मी मात्र ताठ. तेव्हा मी मिशनात उपदेशक होण्याचं शिक्षण घेत होतो. नागपूरहून येणाऱ्या गोऱ्या पाद्रीसाहेबांनी शिकवलेला मिसर देशातला एक जुना बिशप माझ्या अंगात संचारला होता. ख्रिस्त देवानं घडवलेला, देवाहून थोडा कमी, असं म्हणणारे त्याच्या काळी रोमी बादशहाच्या दरबारात वरचढ होते. शिपायांनी उपासनेत घुसून माणसं तुडवली, बिशपाला पाच वेळा शहराबाहेर हाकललं. गडी हटला नाही. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा, तसूभरही कमी नाही, हे त्याचं म्हणणं अखेर ख्रिस्ती मंडळीनं मानलं.

पिंपळगाव राजाच्या बाजारात मी हेच घसा फोडून सांगत होतो. तेवढ्यात थोरला भाऊ गर्दीतून पुढे आला. हातात बैल हाकायची पराणी, टोकाला लोखंडी आर. आवाज मात्र मऊ होता.

"आईनं धाडलं मले. तुह्या येशूले आपल्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या बाजूले बसवू. देवानं घडवलेला हाय, थोडा खालचा, एवढंच म्हण. ताट घरात वाढते आई."

एवढं म्हटलं असतं तर चुलीपुढं बसून आईच्या हातचं जेवलो असतो. पण लोक बघत होते.

"दादा, तो कोणाच्या खालचा नाही. क्रूसावर मार खाल्ला तो खुद्द देवानं."

"देव मार खाईन का बे?" म्हणत त्यानं पराणी हाणली. आर खांद्यात रुतली. माझं डोकं फिरलं. पराणी हिसकून त्याच्या तोंडावर घातली. तो पडला तरी मी हाणतच राहिलो, दर फटक्याला "खुद्द देव! खुद्द देव!" ओरडत. लोकांनी ओढून काढलं तेव्हा त्याचे पुढचे दोन दात मातीत पडले होते.

तो उठून बसला, रक्त थुंकला. "खाल्ला असंन तुह्या देवानं मार," तो म्हणाला, "तुले तं एक बी खाता नाही आला."

ख्रिस्त पित्याहून कमी नाही, हे मी आजही मानतो. त्या दिवसाची लाजही तेवढीच वाटते. आईनं त्या दिवशी चुलीपुढं आम्हा दोघांची ताटं मांडून ठेवली होती, हे मला तिच्या मयतीला कळलं. भावानंच सांगितलं, दात नसल्यामुळे बोबडं.