'सेट' या शब्दाची नऊ वर्षं

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे सेटजी म्हणत. शेटजींसारखं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. होता तो एक इंग्रजी शब्द, 'सेट', आणि तो नऊ वर्षं त्यांच्या मानगुटीवर बसला होता. सूर्य मावळतो तो सेट, मोडलेलं हाड बसवतात ते सेट, कपबश्यांचा सेट, टेनिसचा सेट, सिमेंट घट्ट होतं तेही सेटच. इंग्रजीतली तीन अक्षरं, पण माणसाचा किती जीव खावा! बरं, आत दोन वेगळी मुळं निघाली. एक 'बसवणे' या अर्थाचं, घरचं. दुसरं फ्रेंचमधून आलेलं, एखाद्याच्या मागून चालणाऱ्या मंडळींचं.

बायकोने काहीही काढलं की उत्तर ठरलेलं, "हा शब्द संपू दे." लेकीकडे राहायला जाणंही असंच लांबत गेलं. आता शुक्रवारी निवृत्ती आणि शनिवारची गाडी. दोन बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या.

गुरुवारी शेवटची नजर टाकताना एक पिवळी पडलेली चिठ्ठी हाती आली. 'मंडळी' या अर्थाचा दाखला आणि खाली पुस्तकाचं साल. कोशात जुना अर्थ आधी, नवा मागून, त्यामुळे सगळी उतरंड या सालांवर रचलेली. त्यांनी ते पुस्तक काढून पाहिलं. साल पुनर्मुद्रणाचं होतं. पहिली आवृत्ती साठ वर्षं आधीची. म्हणजे हा अर्थ चार अर्थांच्या वर जाणार आणि पुढचे सगळे क्रमांक बदलणार. दोन महिन्यांचं काम. चिठ्ठीवरचं अक्षर त्यांचंच होतं.

"सोडून द्या हो," संपादकबाई म्हणाल्या. "कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना."

घरी पोचले. दारातूनच म्हणाले, "नाही संपला. एक साल चुकलंय, अजून दोन महिने."

"कोणी घातला घोळ?" बायकोने विचारलं.

"मीच. तीस वर्षांपूर्वी, नुसते दाखले गोळा करायचो तेव्हा. चिठ्ठीवर तारीख आहे. आपलं लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. घरी पळायची घाई होती, पुढचं पान उलटून बघितलंच नाही."

 बायकोने एक बॅग उघडली आणि त्यांचे शर्ट एकेक करून कपाटात ठेवले. दुसरी बॅग तशीच दाराशी राहिली.

"मी जाते शनिवारी," ती म्हणाली. "लेकीला सांगते, बाबा एकदा लवकर घरी आले होते, ते निस्तरतायत."