रूढीचा धातू

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांसमोर अख्ख्या उज्जैनमध्ये कोणी एक शब्द सुखानं उच्चारू शकलं असेल, असं मला वाटत नाही. काका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले; पण शब्द कानावर पडला की त्याचं मूळ खणून काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. एकदा देवास गेटच्या बसस्टँडवर कंडक्टर ओरडला, "सवारी, जल्दी बैठो!" काकांनी एक पाय पायरीवर ठेवून त्याला 'सवारी' फारसीतून कशी आली ते समजावायला घेतलं, मग पाय खाली घेऊन नीट समजावू लागले, आणि बस इंदूरला निघून गेली. घरोघरी केबल येत होती त्या दिवसांत कनेक्शनवाल्याला त्यांनी ऐकवलं, "भैया, केबल मतलब असल में ढोर बाँधने की रस्सी. हमें नहीं बँधना." तो बिचारा हात जोडून निघून गेला.

म्हणून मैत्रिणीच्या लग्नात आम्ही धास्तावलोच होतो. टावर चौकाजवळच्या कार्यालयात हळदीची तयारी झाली. मैत्रिणीची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं काकांच्या विधवा बहिणीनं.

"पहिली हळद आत्याच लावेल," नवरी म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आत्या चटकन मागे सरली. नवऱ्या मुलाची काकू म्हणाली, "तसं चालत नाही गं. रूढी आहे."

झालं! सगळे काकांकडे बघू लागले.

"रुह् धातू," काका उठलेच. "म्हणजे उगवणं, वाढणं. रोप त्यातलंच. रूढी म्हणजे वाढून घट्ट बसलेलं. मग ते कुणी लावलं, कशाला लावलं, कोणी विचारत नाही..." आणि ते थांबले. मधेच थांबलेले काका मी प्रथमच पाहत होते. "मीसुद्धा नाही विचारलं," ते हळूच म्हणाले. हळदीची वाटी उचलून त्यांनी आत्याच्या हातात दिली. "लाव गं."

सगळे आता काकूकडे बघू लागले. शेवटी काकूच म्हणाली, "लावा हो. पोरगी कधीची ताटकळलीये." आमचा जीव भांड्यात पडला. आत्यानं इतक्या घाईनं लावली की निम्मी हळद नवरीच्या नाकावरच गेली.

परतताना टेम्पोत आत्यानं विचारलं, "दादा, इतकी वर्षं ठाऊक होतं, तर आधी का नाही रे बोललास?"

काकांनी रुमाल काढून तिच्या बोटांवरची हळद पुसायला घेतली. आत्याच मग त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "असू दे. आज मी पहिल्या पंगतीत बसले. जिलबी गरम होती."